वाचकांचे प्रश्न : खिळखिळी झालेली ऑफेन्सिव्ह लाइन कशी सावरावी?

अमेरिकन फुटबॉलविषयी या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याभोवती फिरत असल्यामुळे या वेळचे सदर आम्ही त्या एका विषयासाठी राखून ठेवले आहे. खेळ नव्याने पाहू लागलेल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडू ओळीने उभे असतात : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि दोन्ही टोकांना टॅकल. या पाच जणांची मिळून ऑफेन्सिव्ह लाइन होते. क्वार्टरबॅक पास फेकेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना थोपवून धरणे आणि धावण्याची चाल असेल तेव्हा चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला वाट मोकळी करून देणे, ही त्यांची दोन कामे. पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला लोळवले गेले, तर त्याला सॅक म्हणतात.

प्रश्न : सिनसिनाटी बेंगल्स हा माझा आवडता संघ. रविवारी रात्री साडेदहाला सामना सुरू झाला की, घरातली मंडळी झोपलेली असल्यामुळे मी आवाज बंद करून पाहत बसतो आणि आमचा क्वार्टरबॅक जो बरो पुन्हा पुन्हा जमिनीवर पडलेला दिसतो. संघाकडे पैसा आहे, दर वर्षी ड्राफ्टमधून नवे खेळाडूही मिळतात. मग ही पाच माणसे नीट निवडणे इतके अवघड का जाते? व्यवस्थापनाच्या जागी आपण असता, तर सुरुवात कोठून केली असती?
— एक वाचक, दादर

उत्तर : आपण निवडलेला संघ या विषयासाठी फारच बोलका आहे, म्हणून आधी त्याचीच हकीकत पाहू. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंच्या आळीपाळीने करायच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या बरोचा गुडघा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात गेला. पुढच्या ड्राफ्टमध्ये सिनसिनाटीचा क्रमांक पाचवा होता आणि ओरेगॉन विद्यापीठाचा टॅकल पेने सूअल तोवर शिल्लक होता. संघाने त्याला न घेता जामार चेस हा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घेतला. सूअल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटकडे गेला. या निवडीवर तेव्हा बरीच टीका झाली. मी ती चूक मानत नाही, कारण चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड मिळवले आणि संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण त्या निवडीची किंमत बरोने मोजली. साखळी सामन्यांत तो ५१ वेळा सॅक झाला, बाद फेरीत आणखी १९ वेळा. टेनेसीविरुद्ध नऊ वेळा लोळवला जाऊनही त्याने सामना जिंकून दिला, मात्र १३ फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात लॉस एंजलिस रॅम्सनी त्याला सात वेळा पाडले आणि सिनसिनाटी २०–२३ असा हरला.

त्यानंतर संघाने खिसा सैल केला. २०२२ मध्ये अॅलेक्स कॅपा, टेड कॅरास आणि लेअल कॉलिन्स हे तिघे लाइनमन बाहेरून आणले. २०२३ मध्ये टॅकल ऑरलँडो ब्राउन ज्युनियरशी चार वर्षांसाठी सुमारे ६.४ कोटी डॉलरचा करार केला. पण त्या दोन खरेद्यांच्या मध्ये जे घडले, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०२३ मध्ये बाद फेरीचे सामने ऐन रंगात आले असताना पाचपैकी तीन मूळ खेळाडू दुखापतींमुळे बाहेर होते. राखीव खेळाडूंना घेऊन संघाने बफेलोला बर्फात हरवले खरे, पण पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीत बरो पाच वेळा सॅक झाला आणि सामना पुन्हा २०–२३ असाच गेला. संघाने तोवर पाच माणसांचा विचार केला होता. हंगाम मात्र सात-आठ माणसांचा असतो.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. मी सुरुवात खरेदीने केली नसती, तर गेल्या हंगामातली प्रत्येक सॅक पडद्यावर पुन्हा पाहून ती कोणाच्या खात्यावर टाकायची, हे आधी ठरवले असते. सॅकचा आकडा लाइनच्या नावावर लिहिला जातो, पण त्यात कितीतरी जणांचा हात असतो. क्वार्टरबॅक चेंडू फार वेळ हातात ठेवतो, रिसीव्हर वेळेत मोकळे होत नाहीत, रनिंग बॅक ब्लिट्झ करणाऱ्याला, म्हणजे मागून अचानक धावून येणाऱ्या जादा बचावपटूला, ओळखत नाही किंवा प्रशिक्षकाने मुळात इतकी लांबलचक चाल सांगितलेली असते की, कोणत्याही पाच जणांना तेवढा वेळ तग धरणे अशक्य होते. ईएसपीएन वाहिनी लाइनमनचे मोजमाप करताना त्याने अडीच सेकंद समोरच्याला थोपवले की नाही, हे पाहते, आणि ती मर्यादा मला रास्त वाटते. अडीच सेकंदांच्या आत झालेली सॅक बहुधा लाइनची किंवा कोणी कोणाला थोपवायचे याच्या चुकलेल्या हाकेची असते. साडेतीन सेकंदांनंतर झालेली सॅक बहुधा क्वार्टरबॅकची असते. मधल्या एका सेकंदावर प्रशिक्षकांच्या खोलीत वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत.

शिकागो बेअर्सचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये केलेब विल्यम्स हा त्यांचा नवखा क्वार्टरबॅक ६८ वेळा सॅक झाला. एका हंगामात सर्वाधिक सॅक होण्याचा विक्रम २००२ साली ह्यूस्टनच्या डेव्हिड कारच्या नावावर लागला, तो ७६ चा. यावरून ६८ हा आकडा किती भयंकर होता, ते ध्यानात येईल. त्या सगळ्या सॅक लाइनच्या नव्हत्या, कारण विल्यम्सला चेंडू धरून ठेवत इकडेतिकडे पळण्याची सवय होती. शिकागोने दोन्ही रोगांवर एकाच वेळी औषध दिले. बेन जॉन्सन हे नवे मुख्य प्रशिक्षक आणले, जे क्वार्टरबॅकला वेळेवर पास फेकायला लावणारी आक्रमणपद्धती घेऊन आले. आणि लाइनच्या आतल्या तीनही जागा एका उन्हाळ्यात बदलल्या. कॅन्सस सिटीकडून जो थूनी आणि रॅम्सकडून जोना जॅक्सन हे गार्ड अदलाबदलीत मिळवले, तर अटलांटाचा सेंटर ड्रू डॉलमन करारावर घेतला. २०२५ मध्ये विल्यम्सच्या सॅकची संख्या निम्म्याहूनही खाली आली. श्रेय कोणाला किती द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. मी ते जवळजवळ सारखे वाटून दिले असते.

निवड अवघड का जाते, हा आपल्या पत्रातला दुसरा भाग. याचे एक कारण महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आहे. तिथले पुष्कळ संघ खेळाडू मैदानभर पसरवून, झटपट पास फेकून खेळतात. त्यामुळे तिथल्या टॅकलला व्यावसायिक संघात लागणारे मागे सरकत सरकत थोपवण्याचे तंत्र पुरेसे शिकायलाच मिळत नाही. दुसरे कारण सरावाचे आहे. २०११ मध्ये खेळाडूंची संघटना आणि एनएफएल ही व्यावसायिक लीग यांच्यात झालेल्या करारानुसार साखळी हंगामात पूर्ण पॅड घालून करायचे सराव केवळ १४ वर आले आणि शिबिरातले दिवसातून दोनदा चालणारे जोरकस सराव बंद झाले. खेळाडूंच्या शरीराच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, पण रिसीव्हर पॅडशिवाय आपले काम घोटवू शकतो, तसे लाइनमनला करता येत नाही; समोरच्याचे वजन अंगावर घेतल्याशिवाय त्याला काही शिकता येत नाही. तिसरे कारण सॅलरी कॅप. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला वेतनासाठी २७ कोटी ९२ लाख डॉलरची मर्यादा होती, आणि त्यातला मोठा घास एकटा क्वार्टरबॅक घेतो. शिवाय चांगला लाइनमन हाती असलेला संघ त्याला सहसा सोडतच नाही. त्यामुळे बाजारात जे येतात, त्यांच्यात वयस्कर, दुखापतीतून उठलेले किंवा आधीच्या प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेले खेळाडू जास्त असतात, आणि गरजू संघ त्यांनाही चढ्या भावाने घेतात.

तरीही दुरुस्ती वेगाने होऊ शकते, हे कॅन्सस सिटी चीफ्सनी दाखवून दिले. फेब्रुवारी २०२१ मधल्या ५५व्या सुपर बोलमध्ये एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ हे त्यांचे दोन्ही टॅकल जायबंदी होते. तिसरा नेहमीचा खेळाडू, गार्ड लॉरां ड्युव्हर्ने-टार्डिफ हा पदवीने डॉक्टर. कोविडच्या त्या वर्षी त्याने खेळण्याऐवजी कॅनडात रुग्णसेवा पत्करली होती, आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. परिणाम असा झाला की, क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सवर २९ वेळा दबाव आला आणि संघ ९–३१ असा हरला. सुमारे महिनाभरातच फिशर आणि श्वार्ट्झ यांना मोकळे करण्यात आले. जो थूनीशी पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलरचा करार झाला, ऑरलँडो ब्राउन ज्युनियरसाठी बाल्टिमोरला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क देण्यात आला, दुसऱ्या फेरीत क्रीड हम्फ्री हा सेंटर मिळाला आणि सहाव्या फेरीत ट्रे स्मिथ. स्मिथ इतका खाली घसरला, तो महाविद्यालयात असताना फुप्फुसांत झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे. नाहीतर तो तिथपर्यंत उरलाच नसता. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, साखळी हंगामात ७० सॅक करून आलेल्या फिलाडेल्फियाच्या बचावफळीला त्याच महोम्सला एकदाही सॅक करता आले नाही आणि कॅन्सस सिटीने ३८–३५ असा विजय मिळवला.

म्हणून माझा क्रम असा राहील : आधी सेंटर, कारण समोरची बचावफळी वाचून कोणी कोणाला धरायचे याची हाक तोच देतो, मग पाचांतली सर्वांत कच्ची जागा, ती कोणतीही असो, मग दोन-तीन जागांवर चालू शकेल असा अनुभवी सहावा माणूस, आणि त्यानंतर जुळलेल्या पाच जणांना शक्यतो न हलवणे. नामवंत खेळाडूची खरेदी या क्रमात कुठेतरी बसली तर उत्तमच, पण तिच्यापासून क्रम सुरू होत नाही.

प्रश्न : सगळे तज्ज्ञ लेफ्ट टॅकलला लाइनचा राजा म्हणतात. मग पडत्या संघाने सगळा पैसा त्या एका जागेवर लावणे शहाणपणाचे ठरणार नाही का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ही समजूत निर्माण होण्याला सबळ कारण आहे. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, त्यामुळे तिकडून येणारा त्याला दिसत नाही. १८ नोव्हेंबर १९८५ च्या सामन्यात लॉरेन्स टेलरच्या हल्ल्यात क्वार्टरबॅक जो थाइसमनचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली, तेव्हापासून ही भीती सगळ्यांच्या मनात बसली आणि लेफ्ट टॅकलचे भाव वाढत गेले.

पण पैसा एका जागी ओतण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचा जो थॉमस हा माझा पुरावा आहे. २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा लेफ्ट टॅकल सलग १०,३६३ डावचालींत एकदाही मैदानाबाहेर गेला नाही आणि २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. त्याच्या जागेवर त्याच्याहून चांगला खेळाडू त्या काळात दाखवणे कठीण आहे. असे असूनही त्याच्या अकरा हंगामांत क्लीव्हलँड एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही, आणि २०१६ मध्ये तर संघाने १६ पैकी १५ सामने गमावले. त्या अपयशाची इतर कारणे पुष्कळ होती, हे मान्य. पण एका जागेवरचा सर्वोत्तम माणूस बाकीच्यांना तारू शकत नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

याचे कारण कबड्डी पाहणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. कोपरारक्षक कितीही तयारीचा असला, तरी साखळीतले दोन हात सुटले की चढाईपटू बरोबर त्याच फटीतून निसटतो. व्यावसायिक बचाव-प्रशिक्षक आठवडाभर हेच शोधत बसतात की, समोरच्या पाचांत कच्चा कोण आहे. आणि रविवारी आपला सर्वांत भेदक खेळाडू त्याच्यासमोर आणून उभा करतात. ५०व्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने कॅरोलिनाच्या उजव्या टॅकलला हैराण करून अडीच सॅक मिळवल्या आणि सामनावीराचा मान पटकावला. डाव्या बाजूला कोण होते, याला त्या दिवशी काही अर्थच उरला नाही. सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यातही शेवटच्या चौथ्या डाउनला (दहा यार्ड मिळवण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात) रॅम्सचा आरन डोनाल्ड आला तो कडेने नव्हे, तर मधून. मधून आलेला दबाव मला जास्त घातक वाटतो, कारण कडेने कोणी आले तर क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकून वाचू शकतो. समोरूनच भिंत अंगावर आली तर त्याला पुढे सरकायला जागाच राहत नाही.

कॅन्सस सिटीलाही हा हिशेब पुढे चुकता करावा लागला. लेफ्ट टॅकलची जागा कोणीच नीट भरत नसल्यामुळे २०२४ च्या हंगामाच्या उत्तरार्धात त्यांनी थूनीसारख्या उत्कृष्ट गार्डला कडेला नेले. म्हणजे एक भोक बुजवताना दुसरी भक्कम जागा पातळ केली. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने ब्लिट्झ न करता, केवळ पुढच्या चौघांच्या जोरावर महोम्सला सहा वेळा सॅक केले आणि सामना ४०–२२ असा जिंकला.

प्रश्न : हंगाम निम्मा सरला आहे, ड्राफ्ट अजून दूर आहे आणि लाइन गळते आहे. त्याच पाच जणांना घेऊन येत्या रविवारी उतरायचे असेल, तर प्रशिक्षकाच्या हातात नेमके काय असते? सोमवारी सकाळी लोकलमध्ये आम्हा मित्रांचा यावर नेहमी वाद होतो.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्या वादाला थोडे इंधन पुरवतो. प्रशिक्षकाच्या हातात बरेच काही असते, फक्त प्रत्येक उपायाला किंमत असते आणि ती चुकवायची तयारी हवी.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चेंडू लवकर सोडणे. क्वार्टरबॅकने तीन पावले मागे जाऊन लगेच आखूड पास फेकला, तर कच्च्या टॅकललाही तेवढा वेळ उभे राहता येते. स्क्रीन पास त्याहून उपयोगी, कारण त्यात समोरच्यांना मुद्दाम आत येऊ देऊन त्यांच्या डोक्यावरून चेंडू रनिंग बॅककडे टाकतात. असे दोनदा झाले की, पासरशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू, अंगावर धावून येण्याआधी क्षणभर विचार करू लागतो. किंमत अशी की, बचावफळीला हे दोन-तीन आठवड्यांत समजते, ती पुढे सरसावते आणि लांब पासची धमकी नसलेला संघ आक्रसत जातो.

दुसरा उपाय मदत पाठवण्याचा. टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून थोपवणारा आणि पासही घेणारा खेळाडू, कच्च्या टॅकलच्या बाजूला उभा करायचा, किंवा रनिंग बॅकने पासच्या वाटेवर जाता जाता पासरशरला खांद्याचा एक धक्का देऊन जायचे. नियमानुसार पास घेऊ शकतील असे पाचच खेळाडू असतात. त्यातले दोन रक्षणासाठी मागे थांबले की, तीन रिसीव्हरांवर सात बचावपटू नजर ठेवू शकतात. म्हणून हा उपाय प्रत्येक चालीला वापरणारा प्रशिक्षक मला घाबरलेला वाटतो. त्यापेक्षा रक्षणाची दिशा बदलणे चांगले : सेंटर आणि एका बाजूचे गार्ड व टॅकल असे तिघे मिळून कच्च्या बाजूकडे सरकतात आणि ज्याच्यावर भरवसा आहे, त्याला पलीकडे एकट्याने झुंजू देतात. भक्कम खेळाडूचा खरा उपयोग इथेच होतो, कारण त्याला मदत लागत नसल्यामुळे ती दुसऱ्याला देता येते.

तिसरी गोष्ट धावण्याची. मागे सरकत थोपवण्यात कमी पडणारे लाइनमन पुढे घुसून ढकलण्यात पुष्कळदा चांगले असतात. पहिल्या डाउनला धावून चार-पाच यार्ड मिळाले, तर तिसऱ्या डाउनला दोन-तीन यार्डच उरतात आणि पासरशरला आंधळेपणाने आत शिरता येत नाही. तिसऱ्या डाउनला बारा यार्ड हवे असतील, तर स्टेडियममधला प्रत्येक प्रेक्षक जाणतो की आता पास येणार, आणि समोरचा बचावपटूही तेच जाणून स्नॅपबरोबर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, झेपावतो. बहुतेक सॅकची पेरणी अशी दोन डाउन आधी झालेली असते, आणि मला वाटते की, दूरचित्रवाणीवरचे समालोचन याकडे पुरेसे लक्ष वेधत नाही. धावण्याच्या बतावणीनंतर पास फेकणे आणि क्वार्टरबॅकला एका बाजूला पळवत नेऊन फेकायला लावणे, हे उपायही याच कुळातले.

उरते ती शिस्त. वेळेआधी हललेल्या लाइनमनमुळे पाच यार्ड जातात, प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दल दहा. परक्या मैदानावर गोंगाटात क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही, तेव्हा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण पाहतो आणि सेंटरला हाताने टेकवून इशारा देतो. सेंटर ठरलेल्या ठेक्यानंतर चेंडू मागे देतो. पडत्या संघांची ही घडी आधी विस्कटते. दोन बचावपटू जागा अदलाबदल करून आत घुसतात, त्या स्टंटच्या वेळीही हेच होते : शेजारच्या दोघांपैकी एकाने आपला माणूस वेळेवर दुसऱ्याच्या स्वाधीन केला नाही, तर दोघेही एकाच्याच मागे जातात आणि दुसरा मोकळा सुटतो. हे केवळ एकमेकांशेजारी महिनोन्महिने उभे राहून साधते. म्हणूनच दर आठवड्याला जागा बदलणाऱ्या प्रशिक्षकाविषयी मला शंका येते. कच्चा खेळाडू बदलायचाच असेल तर एकदाच बदलावा आणि नव्याला चार-सहा सामने द्यावेत.

येत्या रविवारी पाहताना चेंडूच्या मागे नजर नेऊ नका. स्नॅप झाल्यावर पहिले दोन सेकंद सेंटर आणि दोन्ही गार्ड यांच्याकडे पाहा. ते तिघे मागे रेटले जात असतील, तर पास पूर्ण झाला तरी दुखणे तिथे आहे, असे समजा.

प्रश्न : आमचे मूळ गाव कोल्हापूरजवळ आहे आणि घरात तालमीची परंपरा आहे. लाइनमनला जोर आणि पाय रोवून उभे राहण्याची ताकद लागते, असे आपण म्हणता. मग आपला एखादा पैलवान हे काम करू शकणार नाही का, की हे नुसते स्वप्नरंजन?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : निदान पूर्वी कोणी केलेच नाही, असे म्हणता येणार नाही. स्टीफन नील हा अमेरिकी मल्ल १९९९ मध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचा विश्वविजेता झाला. महाविद्यालयात तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरीही न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घडवले आणि गार्ड म्हणून तो संघाच्या सुपर बोल विजयांत सहभागी झाला. कुस्तीतून आलेल्या खेळाडूला कंबर खाली ठेवणे, प्रतिस्पर्ध्याच्या तोलाचा अंदाज हातांनी घेणे आणि ढकलताना पाय चालू ठेवणे या गोष्टी नव्याने शिकवाव्या लागत नाहीत, म्हणून शाळकरी वयात दोन्ही खेळ खेळलेले लाइनमन प्रशिक्षकांना आवडतात.

दुसरे उदाहरण फिलाडेल्फियाच्या जॉर्डन मायलाटाचे. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा हा सहा फूट आठ इंचांचा तरुण परदेशी खेळाडूंसाठीच्या लीगच्या योजनेतून आला आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर निवडला गेला. तोवर तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. पहिल्या दोन हंगामांत त्याला साखळी सामन्यात उतरवलेच नाही. जेफ स्टाउटलंड या लाइन-प्रशिक्षकाने त्याला उभे राहण्यापासून सगळे शिकवले आणि २०२० मध्ये तो लेफ्ट टॅकल म्हणून उतरला. त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली २०२४ मध्ये मेकाय बेक्टन आला. न्यूयॉर्क जेट्सने त्याला टॅकल म्हणून पहिल्या फेरीत घेतले होते, पण तिथे त्याचे बस्तान बसले नव्हते. फिलाडेल्फियात त्याला गार्ड केले आणि त्याच हंगामात संघ विजेता झाला. लाइन दुरुस्त करायची असेल, तर कित्येक मालकांनी खेळाडूंच्या आधी असा प्रशिक्षक शोधावा, कारण प्रशिक्षकाच्या वेतनाला सॅलरी कॅप लागू होत नाही.

आपल्या पैलवानापुढची अडचण ताकदीची नसून वयाची आणि आकाराची आहे. टॅकलसाठी साडेसहा फुटांच्या आसपास उंची आणि लांब हात पाहिले जातात. गार्ड किंवा सेंटरला त्याहून थोडे कमी चालते. सुमारे १४० किलो वजन घेऊन चपळाईने आडवे सरकता यायला हवे, आणि विशीच्या सुरुवातीला दोन-तीन वर्षे केवळ शिकण्यासाठी देता यायला हवीत. एवढे जुळले, तर हे स्वप्नरंजन म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

प्रश्न : आम्ही महाविद्यालयीन मित्र पार्ल्यात फ्लॅग फुटबॉल खेळतो. आमचा क्वार्टरबॅकही सतत पकडला जातो. वरचे उपाय आम्हाला लागू पडतील का?
— एक विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : त्यातले थोडेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजलिस २०२८ साठी कमरेची पट्टी खेचून प्रतिस्पर्ध्याला थांबवायच्या ज्या फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली, तो पाच-पाच जणांचा खेळ आहे आणि त्यात ब्लॉकिंगला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने थोपवण्याला, बंदी आहे. म्हणजे आपल्याकडे ऑफेन्सिव्ह लाइनच नसते. चेंडू मागे दिल्यावर सेंटरही पास घ्यायला पळू शकतो. धावून येणारा बचावपटू स्नॅपच्या रेषेपासून सात यार्ड मागून निघतो, तेवढाच काय तो आपल्या क्वार्टरबॅकचा श्वास. त्यामुळे त्याला स्नॅप थोडा खोल उभा राहून घ्यायला सांगा, सेंटरची धाव त्या बचावपटूने रिकाम्या केलेल्या जागेकडे ठेवा आणि पहिला पास तिकडेच जाईल अशी चाल घोटवा. बचावपटू दरवेळी एकाच बाजूने येत असेल, तर क्वार्टरबॅकने स्नॅपबरोबर दुसऱ्या बाजूला सरकावे.